परदेशी सून आणि तिची लेकरे

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईकडे मोहल्ल्यातली माणसे दोन कामांसाठी येतात. एक तर लेकराचा दाखला हवा असतो, नाहीतर घरातला जुना उर्दू कागद वाचून घ्यायचा असतो. कधी जमिनीचा कबाला, कधी वक्फचा कागद, कधी दादाजानचे पत्र. २०१७ साली पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या देवळाली प्रवरेतल्या एका घरातली वयस्क खाला पिशवी घेऊन आली ती निराळेच कागद घेऊन. म्हणाली, "बाजी, ये कागदां जरा पढको देव ना, सायबांको उर्दू समजती नै."

पिशवीत तीन कागद निघाले. कराचीत झालेल्या निकाहाचा निकाहनामा, नवरीच्या पहिल्या शौहरच्या मृत्यूचा दाखला आणि तिच्या दोन लेकरांची नावे असलेला तिकडचा 'ब फॉर्म'. खालाचा भाचा विधुर. त्याच्या फुफीची मुलगी कराचीत बेवा झालेली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मनावर घेतले, भाचा कराचीला गेला, निकाह झाला. मग ती भेटीच्या व्हिसावर इकडे आली. सोबत बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. आता तिघांना इथे राहू द्या, असा अर्ज करायचा होता.

मी कागदांचा मराठी तर्जुमा करून दिला, वकिलाने त्याचे इंग्रजी केले. पण फॉर्म भरताना आम्ही सगळेच अडलो. नवऱ्याचा रकाना होता, बायकोचा होता, मुलांचाही होता. मुले या नवऱ्याचीच असणार असे मात्र फॉर्मने गृहीत धरले होते. सावत्र लेकराला कुठे बसवायचे, हे त्या कचेरीतल्या कारकुनालाही सांगता येईना. तेव्हापासून मी या प्रश्नाचा माग काढत आले आहे. सून परमुलखातून आणणे आपल्या समाजाला नवे नाही. तिच्यासाठी अर्ज करावा लागणे मात्र त्या मानाने अलीकडचे आहे.

आमची प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगम-टोका येथे गोदावरीला मिळते. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. १९४८ पर्यंत या गंगेच्या अलीकडे मुंबई इलाख्याचा अहमदनगर जिल्हा होता आणि पलीकडे निजामाचे राज्य. गंगापूर, पैठण, वैजापूर या भागाला जुनी माणसे 'मोगलाई' म्हणत. मोगलाईतल्या मुलीशी सोयरिक म्हणजे कायद्याने पाहिले तर दुसऱ्या राज्यातली सून. इंग्रजांच्या कायद्यात निजामाची प्रजा 'ब्रिटिश प्रजा' नव्हती. संस्थानी रयतेला 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असा वेगळा दर्जा होता. तरी कोणी कागद मागितल्याचे आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. वऱ्हाड नावेत बसे आणि उतरून चालू लागे. बेवा बाई पदरच्या लेकरांसकट दुसऱ्या निकाहाने आली तर गावाला एवढाच प्रश्न पडे की लेकरांना ददियाल ठेवून घेणार की आई सोबत नेणार. हा प्रश्न जमातीचा होता, सरकारचा नव्हता.

कराचीचेही तसेच. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराची आणि अहमदनगर एकाच मुंबई इलाख्यात होती. कराचीतली सर्वांत जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. मुंबईहून आगबोटीने कराचीला जाणे म्हणजे इलाख्यातल्या इलाख्यात जाणे होते. कोकणातली कितीतरी मुस्लिम घराणी नोकरी-धंद्यासाठी तिकडे गेली, तशी आपल्या घाटावरचीही काही गेली.

त्या काळी परकी बायकोसाठी कायदा नव्हता असे मात्र नाही. ब्रिटिश साम्राज्याचा १९१४ चा राष्ट्रीयत्वाचा कायदा होता. त्याने एका वाक्यात निकाल लावला होता: ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश, परक्याची बायको ती परकी. बाईला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण या कायद्यात मला एक कलम सापडले आणि मी ते दोनदा वाचले. ब्रिटिश प्रजा असलेल्या विधवेने परक्या माणसाशी लग्न केले, तर तिच्या पहिल्या नवऱ्याची लेकरे केवळ आईच्या लग्नामुळे परकी ठरणार नाहीत, असे त्यात लिहिलेले होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून कायदा लिहिणाऱ्याला विधवेची पहिली लेकरे आठवली होती. पुढच्या काळात ती पुष्कळांना आठवली नाहीत.

इथे अहमदनगरच्या किल्ल्याची आठवण होणे साहजिक आहे. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून या किल्ल्यात बंदिवान होते आणि 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रे त्यांनी इथेच लिहिली. शाळेत ११ नोव्हेंबरला शिक्षण दिन साजरा करताना आपण मुलांना त्यांचे चरित्र सांगतो, पण एक गोष्ट बहुधा घाईत सांगून पुढे जातो. मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील हिंदुस्थानातून तिकडे गेलेले आलिम, आई अरब घराण्यातली. पुढे ते कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिले. म्हणजे भारताचे पहिले शिक्षणमंत्री हे एका परदेशी सुनेचे लेकरू. १९५० च्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने त्यांच्यासारख्यांचा प्रश्न सोपा केला होता. ज्याचे कायमचे घर भारतात आहे आणि जो आधीची पाच वर्षे इथे राहत आहे, तो नागरिक. आई कोण, जन्म कुठला, याची अट पाच वर्षांच्या रहिवाशाला लागत नव्हती. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या तेव्हा मौलाना याच किल्ल्यात होते. आपल्या माणसापासून तोडले जाणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याच्या दगडांना ठाऊक आहे.

फाळणी झाली तरी पहिले काही महिने ये-जा चालू होती. जुलै १९४८ मध्ये वटहुकूम निघाला आणि पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परवाना लागू लागला. परवाने निरनिराळ्या प्रकारचे होते. एक तात्पुरत्या भेटीचा, एक कायम परतण्याचा. कराचीतल्या भारतीय कचेरीसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणता कागद मिळतो, यावर त्याचे पुढचे सगळे आयुष्य ठरत होते. घटनेच्या सातव्या कलमाने हेच पक्के केले: १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात गेला तो नागरिक नाही, मात्र कायम परतण्याच्या परवान्यावर आला असेल तर त्याचा विचार होईल. आईच्या आजारपणाला म्हणून घाईने भेटीचा परवाना काढून आलेल्या माणसाला आपण कोणती सही करतो आहोत, हे कुठे ठाऊक असणार?

१९५५ साली सर्वोच्च न्यायालयात बिहारमधल्या एका बाईचे प्रकरण आले. ती स्वतःला गयेकडच्या एका जमीनदाराची पत्नी म्हणवत होती. १९४८ मध्ये ती कराचीला गेली आणि तात्पुरत्या परवान्यावर परतली. तिच्या बाजूने सांगितले गेले की नवरा भारतात आहे, बायकोचे घर ते नवऱ्याचे घर, मग ती पाकिस्तानी कशी? न्यायालयाने ते मानले नाही. सातव्या कलमापुढे लग्नाचा आधार टिकत नाही, असा निकाल झाला. इंग्रजांच्या काळात बायकोला नवऱ्याच्या मागे फरफटत नेणारा नियम होता. आता गरज होती तेव्हा तोच नियम तिच्या कामी आला नाही.

या निकालाच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, दुसऱ्या बाजूचाही एक निकाल लागला होता आणि तो आपल्या मुंबई राज्याविरुद्धचा होता. इब्राहिम वजीर मावत यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनापरवाना आल्याच्या नुसत्या संशयावरून भारताच्या नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम घटनेविरुद्ध आहे. नागरिकाला आपल्या देशात राहण्याचा हक्क आहे, त्याची बाजू ऐकल्याशिवाय तो काढून घेता येणार नाही. आपल्या मासिकांत या खटल्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, याचे मला नवल वाटते.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याच्या जागी पासपोर्ट आणि व्हिसा आला. पण गंमत अशी की, त्यानंतरही चार वर्षे पाकिस्तानी माणूस भारतीय कायद्याच्या भाषेत 'परकीय' नव्हता. १९४६ च्या परकीयांच्या कायद्यातली व्याख्या इंग्रजी अमदानीतली. तिच्यात राष्ट्रकुलातली माणसे परकी धरलेली नव्हती. १९ जानेवारी १९५७ पासून व्याख्या बदलली. एका तारखेला कित्येक घरांतली सून परकी झाली.

आता १९५५ च्या नागरिकत्व कायद्याकडे येऊ. त्यात नागरिकाशी लग्न केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिक होण्याची वाट ठेवली होती. स्त्रियांनाच. आपल्या मुलीने बाहेरच्या देशातल्या मुलाशी निकाह केला आणि त्याला इथे आणायचे म्हटले, तर जावयासाठी या कलमात जागा नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला आणि त्याबरोबरच पाच वर्षे इथे राहण्याची अट आली. परदेशात जन्मलेल्या लेकराला आईमुळे भारतीयत्व मिळायला तर डिसेंबर १९९२ उजाडावे लागले. तोपर्यंत ते फक्त बापाकडून मिळत होते. शेजारी याहून मागे राहिले. पाकिस्तानच्या १९५१ च्या कायद्यात परदेशी बायकोला वाट आहे, परदेशी नवऱ्याला नाही. तिथल्या संघीय शरियत न्यायालयाने २००७ मध्ये हा भेद इस्लामच्या शिकवणीला धरून नाही, असे सांगितले. जे लोक असल्या प्रत्येक भेदाला शरियतचे नाव देतात, त्यांनी तो निकाल वाचायला हवा.

२००३ ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली आणि पाचाची सात वर्षे झाली. त्यातही अर्जाच्या आधीचे पूर्ण वर्ष देशातच काढलेले हवे. आणखी एक बदल याहून मोठा होता. आई-बापांपैकी एक भारतीय असून भागेनासे झाले. दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' असता कामा नये, अशी अट लागली. म्हणजे पाकिस्तानी सुनेच्या व्हिसाची मुदत कुणाच्या हलगर्जीपणाने उलटली आणि त्या अवस्थेत तिला देवळालीत मूल झाले, तर बाप पिढ्यान्‌पिढ्यांचा राहुरी तालुक्यातला असूनही त्या मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागते. मी मोहल्ल्यातल्या बायांना हेच पुन्हा पुन्हा सांगते. दागिना गहाण पडला तर सोडवता येतो, व्हिसाची तारीख चुकवू नका.

कायद्याबरोबर वाटाही आखडत गेल्या. १९६५ च्या युद्धात खोखरापार-मुनाबाव रेल्वे बंद पडली ती फेब्रुवारी २००६ मध्ये 'थर एक्स्प्रेस' म्हणून सुरू झाली. १९७१ नंतर काही वर्षे दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधच नव्हते. १९७४ चा व्हिसा करार झाला, १९७६ मध्ये समझोता एक्स्प्रेस धावू लागली. १९९४ मध्ये कराचीतली भारताची आणि मुंबईतली पाकिस्तानची वकिलात बंद झाली. मुंबई-कराची हे हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. पण शिक्क्यासाठी कराचीवाल्याला इस्लामाबाद आणि आपल्याला दिल्ली गाठावी लागू लागली. २०१२ च्या करारात मात्र एक माणुसकीची गोष्ट होती. दुसऱ्या देशातल्या व्यक्तीशी लग्न झालेल्यांना दोन वर्षांपर्यंत अनेक वेळा ये-जा करता येईल असा व्हिसा, आणि त्यांच्यासोबत बारा वर्षांखालच्या मुलांनाही. बारा वर्षांखालच्या! आमच्या खालाच्या सुनेची मुलगी बरोबर बारा वर्षांची होती. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गाड्या बंद झाल्या.

लग्न होऊन आलेल्या पाकिस्तानी स्त्रीला नागरिकत्व मिळेपर्यंत इथे ठेवणारा कागद म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. तो कुणाला मिळतो त्याचे प्रकार ठरलेले आहेत: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या देशांतले अल्पसंख्य, भारतीयाशी लग्न करून इथे राहणाऱ्या स्त्रिया, तिकडे लग्न होऊन गेलेल्या, पण वैधव्य वा तलाकमुळे निराधार होऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया, आणि शेवटी विशेष करुणेची प्रकरणे. सावत्र मूल हा शब्द या यादीत नाही. खालाच्या घरातल्या दोन लेकरांचे कागद आईच्या अर्जाला जोडून गेले आणि पुष्कळ फेऱ्यांनंतर मंजूर झाले. त्यात एका कचेरीने तीन वेळा तेच कागद परत मागितले. कुठल्या, ते सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला यायला अख्खा दिवस मोडतो आणि भाच्याचा रोज बुडतो, एवढे सांगते.

व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो असे त्या घराला वाटले. मी मात्र कागदावर वर्षे मांडून पाहिली. आई २०१७ ला आली. सात वर्षे २०२४ ला भरतात, त्याआधी तिला अर्जच करता येत नाही. 'नागरिकांची अज्ञान मुले' म्हणून नोंदणीची जी वाट आहे, ती अठरा वर्षांपर्यंतच उघडी आहे. मुलगी २००५ ची, म्हणजे २०२३ मध्ये अठरा पूर्ण. आई नागरिक होण्याच्या आधीच मुलीसाठी ती वाट बंद. अकरा वर्षांवरचे कुठलेही सावत्र लेकरू आईबरोबर आले, तर हिशेब असाच बसतो. सावत्र बाप भारतीय आहे, पण कलमात सावत्र लेकराचा उल्लेख नाही. भारतीय वंशाची म्हणावी, तर स्वतःचा किंवा आई-बापांपैकी एकाचा जन्म अखंड हिंदुस्थानातला लागतो; ते आता आजी-आजोबांच्या पिढीवर गेले. पुढे पाकिस्तानचे नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागतो, आणि तिकडचा कायदा एकवीस वर्षांपूर्वी ते सोडू देत नाही. अठरा ते एकवीस ही तीन वर्षे त्या मुलीने कुठल्या देशाची म्हणून काढायची? देशीयकरणाची वाट उरते, तिला सामान्यतः बारा वर्षांचा रहिवास लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी कमी केली. मुसलमान त्या यादीत नाहीत. एक फट मात्र आहे. विशेष परिस्थितीत कोणत्याही अज्ञान मुलाची नोंदणी करण्याचा अधिकार पाचव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने केंद्र सरकारला दिला आहे. धाकट्यासाठी मी वकिलाला तेच पोटकलम दाखवले.

मग सावत्र बापाने लेकरांना दत्तक का घेऊ नये, असे मला शाळेतल्या एका सहकारी बाईंनी विचारले. कायदा त्याला आडवा येत नाही. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते. पण आपल्याकडे नसब म्हणजे वंश बदलत नाही. लेकराला त्याच्या जन्मदात्याच्या नावानेच हाक मारा, असा कुरआनचा हुकूम आहे. खालाचा भाचा म्हणाला, "मेलेल्या माणसाचे नाव मी लेकरांपासून कसे हिरावू? खाऊ-पिऊ घालीन, शिकवीन, लग्ने लावून देईन." त्याचे म्हणणे मला पटते. आपल्या परंपरेत सावत्र लेकराची जागा पुसट नाही. उम्मे सलमा हिजरतीला निघाल्या तेव्हा माहेरच्यांनी त्यांना अडवले आणि सासरच्यांनी लेकरू ओढून नेले. वर्षभर त्या नवरा एकीकडे, मूल दुसरीकडे अशा अवस्थेत मक्केत रडत राहिल्या. पुढे बेवा झाल्यावर त्यांचा निकाह पैगंबरसाहेबांशी झाला आणि त्यांची लेकरे त्यांच्याच घरी वाढली. उजव्या हाताने आणि आपल्या समोरचे खावे, हे आपण प्रत्येक लेकराला शिकवतो. पैगंबरसाहेबांनी ते ताटावर बसलेल्या उमर बिन अबी सलमा या सावत्र मुलाला सांगितले होते. नसब बापाची ठेवून माया पूर्ण देता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. फॉर्मला ते ठाऊक नाही, आणि आपल्या जमातीतल्या जाणत्यांनीही सरकारकडे हा रकाना कधी मागितला नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली. दोन दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याचे जाहीर झाले, २७ तारखेपासून ते लागू होणार होते. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले आहेत, हे स्पष्ट व्हायला मधे जो काळ गेला, त्यात त्या घरात चूल पेटली की नाही मला माहीत नाही. मी संध्याकाळी गेले तेव्हा खाला दाराशी बसली होती आणि सून पेटीतले कागद पलंगावर तारीखवार मांडत होती. मुलीने विचारले, "बाजी, अम्मी बायको म्हणून राहील. आम्ही कोण म्हणून?" पुढे उन्हाळ्यात दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांनाही नव्याने अर्ज भरावे लागले, तेही भरले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन परकीयांसाठी नवा एकत्र कायदा लागू झाला आहे.

आईचा नागरिकत्वाचा अर्ज २०२४ मध्येच गेला आहे. मुलगा २०२८ मध्ये अठराचा होईल. खालाची पिशवी आता माझ्याच कपाटात असते, कारण दर वेळी नव्या फॉर्मला तोच निकाहनामा आणि तोच मृत्यूचा दाखला लागतो. घडीवर फाटू नये म्हणून मी त्यांना मागून पातळ कागद चिकटवला आहे.